बाई हरवत नाही

आमच्या दवाखान्यात कुणी 'हरवली' हा शब्द काढला की माखोपोत्सो हातातलं काम टाकून भांडायला उभी राहते.

शब्द कुणा माणसाचा नाही, कॉम्प्युटरचा आहे. एचआयव्ही असलेली बाई गरोदर राहिली की तिचं नाव आमच्या कॉम्प्युटरमध्ये चढतं. ती गोळ्या न्यायला कधी आली, बाळंतपण कधी आहे, जन्मल्याबरोबर बाळाला औषध सुरू झालं का, सहाव्या आठवड्यात त्याचं रक्त तपासलं का, दूध तुटल्यावर पुन्हा तपासलं का, हे सगळं तिच्या एका ओळीत असतं. आईचा आजार लेकराला लागू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. बाई ठरल्या तारखेला आली की ओळ हिरवी, चुकली की पिवळी, आणि बरेच दिवस फिरकलीच नाही की लाल. लाल ओळीपुढे आपोआप उमटतं: हरवली.

"बाई काय सुई आहे हरवायला?" माखोपोत्सो म्हणते. "बकरी चुकली तर दोन डोंगर पालथे घालता, आणि बाई आली नाही तर हरवली लिहून चहा प्यायला मोकळे!"

"म्मे, मी नाही लिहीत. ते आपोआप येतं," आमचा नोंदणीवाला केकेत्सो म्हणतो. तिशीचा, चष्म्याचा, इस्त्रीच्या शर्टाचा साधा माणूस. आमच्याकडे कुठल्याही पोक्त बाईला म्मे म्हणायचं, म्हणजे आई. तो बिचारा तिला दर वाक्याला म्मे म्हणतो, तरी त्याला बोलणी बसतातच.

मी इथली नर्स. या दोघांच्या मध्ये माझं टेबल आहे, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून घेणं हे माझं कामच होऊन बसलंय.

माखोपोत्सो पन्नाशीची, ठेंगणी, रुंद. खांद्यावर पिन लावलेलं विटकं ब्लँकेट, पायात गमबूट, डोक्यावर गवती टोपी आणि हातात कोबीच्या रोपांची टोपली. न आलेल्या बायांना शोधून काढणं ही तिची नोकरी. पण दवाखान्याची बाई कुणाच्या दारात उभी राहिली की सगळं गाव तोंडावर हात धरून विचारतं, तिला काय झालंय गं? म्हणून ही रोपं. ती कोबी विकायला आलेली असते. निम्म्या डोंगरातल्या परसांत आज जो कोबी आहे तो तिचा, आणि कुणाच्या परसात तो तिच्या फेऱ्यांतून आलाय नि कुणाच्या परसात नुसता भाजी म्हणून, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. एवढं मोठं तोंड, पण दुसऱ्याच्या आजाराबद्दल त्यातून कधी चकार शब्द निघाला नाही.

स्वतःच्या आजाराबद्दल मात्र ती बाजारात उभी राहूनही बोलेल. आमच्या बाया गोळ्यांच्या बाटलीत कापूस कोंबतात, वाजू नये म्हणून. हिची बाटली खुळखुळते. संध्याकाळी सातला तिच्या फोनवर चर्चमधलं भजन मोठ्यानं सुरू होतं, आणि ती असेल तिथं बाटली हलवून गोळी काढते. गाडीत, लग्नात, एकदा तर प्रवचन चालू असताना. पाद्री थांबले. ती म्हणाली, "चालू द्या, माझं झालं."

हा मोकळेपणा तिला फुकट मिळालेला नाही. तिचंच नाव बघा. आमच्यात सून घरात आली की सासरचे तिला नवं नाव देतात, आणि ते नाव तिच्या पुढे होणाऱ्या पहिल्या लेकराचं असतं. माखोपोत्सो म्हणजे खोपोत्सोची आई. लेकरू पोटात येण्याआधीच आई त्याच्या नावानं ओळखली जाते. खोपोत्सो झाली, गुटगुटीत, काळीभोर. आणि पहिला वाढदिवस यायच्या आत गेली. तेव्हा इथं गोळ्या नव्हत्या, तपासणी नव्हती, कॉम्प्युटर तर नव्हताच. पोर कशानं गेली हे आईला कळलं ते नवराही त्याच वाटेनं गेल्यावर. नाव मात्र राहिलं. गेली पंचवीस वर्षं लोक तिला दिवसातून शंभरदा मेलेल्या लेकीच्या नावानं हाक मारतात आणि ती 'ओ' देते. मला कधीकधी ते ऐकवत नाही.

तर एका हिवाळ्यात मारोरिसांगची ओळ लाल झाली.

मारोरिसांग म्हणजे नदीच्या अलीकडे, वरच्या वाडीतली नवी सून. विशीची पोरगी, पहिलटकरीण. आमच्याकडेच तपासणीत आजार कळला होता. गोळ्या नेत होती, नेमानं. शेवटच्या वेळी तीन महिन्यांच्या एकदम नेल्या, त्यानंतर दर महिन्याच्या तपासणीलाही आली नाही. बाळंतपणाची तारीख उलटून गेली.

"हरवली," केकेत्सो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"सासू कोण तिची?" माखोपोत्सोनं टोपी उचलली. "मला वाटतं सासूनं कोंडून ठेवलीय. त्या वाडीतल्या सासवा मला माहीत आहेत."

बाळ जन्मलं की त्याला लगोलग औषध लागतं, आणि पहिले आठवडे ते रोज द्यावं लागतं. जितके दिवस विनाऔषधाचे, तितका धोका मोठा. मी बाळाच्या औषधाची बाटली आणि मोजायची पिचकारी तिच्या टोपलीत रोपांच्या खाली ठेवली.

सासूच्या बाबतीत तिचा अंदाज साफ चुकला. सासू चांगली हसतमुख बाई निघाली. रोपं घेतली, बसायला दिलं, आणि विचारण्याआधीच म्हणाली, "सून नाही हो घरात, नाहीतर तिनंच लावली असती. पहिलं बाळंतपण ना, आईकडे गेलीय. झालीसुद्धा बाळंत. गेल्या आठवड्यात तिच्या माहेरची पोरगी आली आणि आमच्या पोराच्या डोक्यावर भरली बादली ओतून पळाली. या थंडीत! दात वाजत होते त्याचे, आणि हसतोय आपला."

आमच्यात बापाला बातमी अशीच देतात. मुलगा झाला तर निरोप्या काठीनं पाठीत हाणतो, मुलगी झाली तर डोक्यावर पाणी.

"मुलगी," माखोपोत्सो म्हणाली.

"मुलगी! आणि तुम्ही का रडताय?"

"रडत नाही. गोवऱ्यांचा धूर गेला डोळ्यात."

माहेर कुठलं, तर नदीपलीकडचं हा-मोलापो नावाचं गाव. तिनं कुंपणाबाहेर येऊन केकेत्सोला फोन लावला. केकेत्सोनं नदीपलीकडच्या दवाखान्यातल्या नोंदणीवाल्याला विचारलं. मारोरिसांग नावाची बाई तिथं कधीच आलेली नव्हती.

"तिकडे नाहीच म्हणतात, म्मे."

"अरे शहाण्या, माहेरी तिला मारोरिसांग कोण म्हणेल? माहेरी ती तिच्या आईची लेक आहे. लहानपणचं नाव विचार."

"ते आपल्या नोंदीत नाही."

"नसणारच. तुम्ही तिला सून म्हणूनच ओळखता."

लहानपणचं नाव गप्पांच्या ओघात सासूकडून निघालं: दिन्त्ले. केकेत्सोनं पुन्हा फोन केला, आणि या वेळी ती सापडली. एक दिन्त्ले, पहिलटकरीण, एकदाच आली होती, सोबत तिची आई. दवाखान्याची नवीन वही काढली, रक्त पुढच्या वेळी देते म्हणाली, पुढच्या वेळी आलीच नाही, बाळंतपणालाही नाही. तिथल्या कॉम्प्युटरमध्येही तिची ओळ लाल होती. एकच पोरगी नदीच्या दोन्ही काठांवर हरवलेली! मला हसू आलं आणि लगेच विरलंही, कारण याचा अर्थ उघड होता. पोरीनं आईपासून आजार लपवला होता. म्हणजे बाळाला औषध मिळालेलं नव्हतं.

केकेत्सोच्या बाजूनं एक सांगितलंच पाहिजे. ती लाल ओळ नसती तर आम्हाला मारोरिसांगची आठवणसुद्धा झाली नसती. आमच्याकडे रोज किती बाया येतात! माखोपोत्सोलाही हे पटतं. ती फक्त केकेत्सोसमोर कबूल करत नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तिनं सांगितलं तसं सांगते.

दुसऱ्या दिवशी नावेतून नदी ओलांडून ती हा-मोलापोला पोचली तेव्हा दुपार कलली होती. घर गोल, गवताच्या छपराचं, आणि दारावर बोरूची काडी खोवलेली. आत बाळंतीण आहे, परक्यानं पुढं यायचं नाही, अशी ती खूण. दारात दिन्त्लेची आई बसलेली, मादिन्त्ले. उंच, सुकलेली, ओठ घट्ट मिटलेले. माखोपोत्सोच्याच वयाची.

"कोबीची रोपं," माखोपोत्सो म्हणाली.

"हिवाळ्यात?"

"थंडी सोसणारी जात आहे."

"बरं, घेते चार. पण तिथूनच दे. वाटेवरून आलीस, नदी ओलांडून आलीस, पाय तापलेत तुझे. आत बाळ आहे."

तापलेल्या पायांनी कुणी आत आलं तर बाळ आजारी पडतं, असं आमची म्हातारी माणसं मानतात. तिथं वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. शिवाय वाद घालायचा तरी काय? खरं कारण सांगायचं नाही, ही तर तिची शपथ. पंधरा पावलांवर बाळ होतं, टोपलीत औषध होतं, आणि मध्ये ही आजी.

"पाय गार होईपर्यंत बसू का?" माखोपोत्सोनं विचारलं.

"किती वेळ बसशील?"

"रुंद बाई आहे मी. मला गार व्हायला वेळ लागतो."

मादिन्त्ले हसली नाही, पण तिनं मडक्यातली आंबील आणून दिली. गुराढोरांच्या कुंपणाशी, दगडावर, माखोपोत्सो बसली. आतून बाळाचा आवाज येत होता. तिनं नंतर मला सांगितलं, "सिस्टर, चांगलं खणखणीत रडत होतं. खोपोत्सो शेवटी शेवटी मांजरीच्या पिल्लासारखी रडायची. मी कान देऊन ऐकत होते. खणखणीत होतं."

दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. पाऊस, मेंढ्या, मक्याच्या पिठाचा भाव, मेलेले नवरे. माखोपोत्सोच्या नवऱ्यासारखाच मादिन्त्लेचा नवराही खाणीत कामाला होता, तोही खोकत घरी आला आणि गेला. कशानं, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. ऊन उतरलं तशी थंडी वाढली.

"बाळंतीण कशी आहे?"

"बरी आहे. घाबरट झालीय जरा. पेटीला हात लावू देत नाही. त्या पेटीत भुंगा शिरलाय, रोज संध्याकाळी गुणगुणतो. मी म्हणते काढू दे, तर म्हणते राहू दे."

"भुंगा? या थंडीत?"

"तेच तर! पण मी तेव्हा इथं कुंपणाशी असते, मेंढ्या मोजायला. लांबूनच ऐकू येतो."

माखोपोत्सो गप्प बसली. ती गप्प बसली हे तिनं मला तीनदा सांगितलं, कारण तो तिला स्वतःलाच पराक्रम वाटतो.

सात वाजले, दारात कंदील लागला होता. तिच्या फोनवर भजन सुरू झालं, त्या शांत डोंगरात सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं. मादिन्त्ले दचकून उठली. "मी मेंढ्या मोजून येते," असं पुटपुटत वळली. तिचा एक हात एप्रनच्या खिशावर होता, आणि खिसा थरथरत होता.

माखोपोत्सोनं ते पाहिलं. ती जागची हलली नाही. तिनं टोपलीतून आपली बाटली काढली, सवयीप्रमाणे खुळखुळ वाजवली, गोळी तळहातावर घेतली आणि आंबिलीच्या घोटाबरोबर गिळली.

"ही कसली गोळी?" मादिन्त्लेनं विचारलं. विचारायची गरज नव्हती. तिला ती गोळी रंगरूपानं ठाऊक होती.

"एचआयव्हीची. सतरा वर्षं घेतेय. लेक गेली, नवरा गेला, मी राहिले. आता कापूस घालत नाही बाटलीत. कुणापासून लपवू? लपवावं असं माणूसच उरलं नाही."

आणि त्याच वेळी घरात, पत्र्याच्या पेटीत, भुंगा गुणगुणायला लागला.

मादिन्त्ले कुंपण आणि घर यांच्या मध्ये उभी राहिली. एप्रनमधला गोळीची वेळ सांगणारा फोन थरथरतोय, घरात लेकीच्या फोननं पेटीचा पत्रा थरथरतोय. एकाच वेळी. रोज संध्याकाळी ही लेकीपासून लपवायला मेंढ्या मोजायच्या निमित्तानं बाहेर पडायची, आणि रोज आतली लेक देवाचे आभार मानायची की आई बरोब्बर आत्ता बाहेर जाते. महिनाभर, एका छपराखाली, दोघींनी एकाच वेळी एकच गोळी एकमेकींपासून चोरून खाल्ली होती.

"माझ्या लेकीला?" मादिन्त्ले म्हणाली. "माझ्या लेकीला पण?"

"मी कोबी विकायला आलेय," माखोपोत्सो म्हणाली. "तुझ्या घरातलं मला काही माहीत नाही. मी माझं सांगितलं."

"दूरच्या दवाखान्यात जाते गं मी, डोंगरापलीकडे. इथल्या कुणाला कळू नये म्हणून. पोरीला कळलं तर तिला आईची लाज वाटेल, असं वाटायचं मला. आणि ती… एकटीच…"

माखोपोत्सोनं तिला रडू दिलं. मग मादिन्त्ले डोळे पुसून बोरूच्या काडीखाली जाऊन उभी राहिली आणि आत म्हणाली, "दिन्त्ले, पेटीतला भुंगा बाहेर काढ. मी माझाही काढते."

मग पेटीचं झाकण करकरलं, आणि पोरगी हंबरडा फोडून रडायला लागली. बाळ रडायला लागलं. आजी तर रडतच होती.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी काय दगड आहे?" माखोपोत्सो म्हणाली. "पण मी रडतारडता पिचकारी काढली टोपलीतून. आधी औषध, मग रडणं."

दाराशी मादिन्त्ले वळून म्हणाली, "ये आत. गार झाले तुझे पाय."

बाळ आठ दिवसांचं होतं. उशीर झाला होता, पण फार नाही. आईनं गोळ्या एकही दिवस चुकवल्या नव्हत्या, हे त्या पोरीचं खरं पुण्य. आजीनं पिचकारी हातात घेतली आणि पुढचे आठवडे औषध पाजायचं काम कुणालाही दिलं नाही. केकेत्सोनं दोन्ही दवाखान्यांतल्या दोन ओळी जोडून एक केली आणि नोंदीत एक नवीन रकाना मागून घेतला, माहेरच्या नावाचा. वरच्या ऑफिसला पटवायला त्याला वर्ष लागलं. तोही काही कमी चिवट नाही. नवऱ्यालाही पुढं कळलं, मारोरिसांगनंच सांगितलं, आणि सांगताना आई शेजारी बसली होती.

सहाव्या आठवड्याचं रक्त चांगलं आलं. पण आम्ही तेव्हा नाचत नाही. आई दूध पाजते तोवर भीती असतेच. छोटी रोरिसांग रांगली, उभी राहिली, शिव्या शिकली. दूध तुटलं. शेवटचं रक्त गेलं.

निकाल आला त्या सकाळी केकेत्सोनं आम्हाला हाक मारली. आजार नाही. ओळ हिरवी, आणि पुढे शब्द: पूर्ण. माखोपोत्सोला इंग्रजी वाचता येत नाही, पण रंग कळतो. ती तडक बाहेर गेली.

मागं एकदा तिनं मला सांगितलं होतं, खोपोत्सो झाली तेव्हा तिच्या बहिणीनं तिच्या नवऱ्यावर बादली ओतली होती, आणि तो तसाच निथळत, हसत दारापर्यंत आला होता. आणि मग म्हणाली होती, "लेकरू जन्मलं तर पाणी ओततात. लेकरू गेलं तर बापाला कसं कळवायचं, ते कुणी ठरवूनच ठेवलं नाही, सिस्टर. मी नुसती उभी राहिले त्याच्यापुढे."

लेकरू वाचलं तर काय करायचं, तेही कुणी ठरवलेलं नव्हतं.

ती परत आली ती भरली बादली घेऊन, आणि मी "अगं अगं" म्हणेपर्यंत ती केकेत्सोच्या डोक्यावर रिकामी झाली होती. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, टेबल, सगळं चिंब. तो ओरडला, "म्मे! कॉम्प्युटर!"

"मुलगी आहे, केकेत्सो," ती म्हणाली. "मुलगी आहे! जिवंत आहे!" आणि त्या ओल्या माणसाला मिठी मारून ती अशी रडली, की खोपोत्सो गेली तेव्हाचंही राहिलेलं रडणं त्यात असावं. केकेत्सो निथळत उभा होता. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "हो म्मे, मुलगी आहे. मुलगी आहे."

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर प्लास्टिक टाकलेलं असतं, आणि केकेत्सो येताना रोज एक जास्तीचा शर्ट घेऊन येतो.